घड्याळाचे घड्याळ

दृष्टीच्या प्रयोगाचा साचा साधा आहे. प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालतो तो माणूस, कळ दाबतो. समोर एखादे अक्षर क्षणभर चमकते. काय दिसले ते तो सांगतो किंवा दुसरी कळ दाबून कळवतो. या साच्याभोवतीच्या यंत्रांचा इतिहास सहसा चढत्या भाजणीने मांडला जातो: आधी पितळ आणि लाकूड, मग आरसे आणि दिवे, शेवटी संगणक, आणि दर पायरीला थोडी जास्त अचूकता. ही मांडणी मला पटत नाही. अचूकता आली ती यंत्रावर विश्वास न ठेवण्याच्या सवयीतून, आणि संगणक आल्यावर काही काळ नेमकी तीच सवय सुटली.

लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्राची प्रयोगशाळा 1879 मध्ये सुरू झाली. तिथे शिकलेल्या जेम्स मॅक्कीन कॅटेल यांनी 1880च्या दशकात अक्षरे आणि शब्द दाखवण्यासाठी फट असलेला, खाली पडणारा पडदा वापरला. गुरुत्वाकर्षण दर वेळी सारखेच, म्हणून अक्षर सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच वेळ दिसे. प्रतिक्रियाकाल मोजायला हिपचा क्रोनोस्कोप होता; त्याचे काटे सेकंदाचा हजारावा भाग दाखवत. पण ते काटे चालू-बंद करणारा विद्युतचुंबक प्रवाहाच्या जोरानुसार लवकर किंवा उशिरा सुटे. हजारावा भाग तबकडीवर छापलेला असला, तरी तो खरा असेलच असे नव्हते. म्हणून प्रयोगशाळेत आणखी एक उपकरण असे: ठरावीक उंचीवरून पडणारा हातोडा. त्याच्या पडण्याचा काळ आधीच ठाऊक असल्याने त्यावरून क्रोनोस्कोपची चूक काढता येई. घड्याळ तपासायला घड्याळ! माझ्या मते त्या प्रयोगशाळेतली सर्वांत मोलाची वस्तू हा हातोडाच.

पुढे टॅचिस्टोस्कोपमध्ये, म्हणजे चित्र क्षणभर दाखवणाऱ्या यंत्रात, अर्धपारदर्शक आरसे आले. 1960 मध्ये जॉर्ज स्पर्लिंग यांनी 50 मिलिसेकंद दाखवलेल्या अक्षरांवरून सिद्ध केले, की चित्र गेल्यावरही त्याची छाप थोडा वेळ मनात टिकते आणि माणूस सांगू शकतो त्याहून अधिक अक्षरे त्या छापेत असतात. हा निष्कर्ष एकाच गोष्टीवर उभा आहे: प्रकाश खरोखर विझला होता. नंतरच्या संशोधकांनी असेच प्रयोग ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर केले, तेव्हा वाद पेटला. टिकून राहिली ती मनातली छाप, की पडद्यावरच्या फॉस्फर या उजळणाऱ्या लेपाची मागे उरलेली चमक?

घरगुती संगणकाने पेच आणखी वाढवला. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी नवे चित्र काढतो. प्रयुक्ताने कळ कधीही दाबली, तरी चित्र पुढच्या फेरीपर्यंत थांबणारच. 40 मिलिसेकंद मागितले तर 33.3 मिळतील किंवा 50. कॅटेल यांना पडत्या पडद्याने दिलेला शंभरावा भाग तर मिळणारच नाही. प्रोग्राममध्ये मात्र 40 हा आकडा बिनतक्रार लिहिता येतो आणि निकालाच्या फाइलीत तसाच उतरतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: माणसाचा प्रतिक्रियाकालच दर वेळी कित्येक मिलिसेकंदांनी मागेपुढे होतो, प्रयोगाच्या शेकडो फेऱ्यांची सरासरी काढली की यंत्राची चूक त्यात विरून जाते. कळफलकापुरते हे बरेचसे खरे आहे. कळ दाबल्याची बातमी संगणकाला पोचायला कमीजास्त वेळ लागतो, पण तो चढउतार सरासरी पेलते. मात्र कायमचा विलंब सरासरीने जात नाही. शिवाय चित्र किती वेळ दिसले, हे मोजमाप नाहीच; ते परिणामाचे कारण आहे. कारणच चुकीचे नोंदले गेले तर फेऱ्या कितीही वाढवा, उपयोग नाही. जुनी उपकरणेही निर्दोष नव्हती, हा दुसरा आक्षेप मान्य. दिवे उजळायला आणि विझायला वेळ घेत. पण ते दोष डोळ्यांसमोर होते, म्हणून कुणीतरी ते मोजत असे.

1997 मध्ये डेव्हिड ब्रेनार्ड यांनी अशा प्रयोगांसाठीच्या सायकोफिजिक्स टूलबॉक्स या सॉफ्टवेअरची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध केला. 2007 मध्ये जोनाथन पीअर्स यांचा पायथॉनवर चालणाऱ्या सायकोपायवरचा लेख आला. प्रतिक्रियाकाल सुरुवातीची कळ दाबल्यापासून न मोजता पडद्याने फेरी बदलली त्या क्षणापासून मोजायचा, ही शिस्त अशा साधनांमुळे सोपी झाली. तरी तो क्षणही संगणकच सांगतो, आणि एलसीडीचा ठिपका प्रत्यक्षात कधी उजळला ते त्याला दिसत नाही. म्हणून दक्ष प्रयोगशाळेत पडद्याच्या कोपऱ्यात चित्राबरोबर एक पांढरा चौकोन उमटवतात, त्यावर प्रकाश टिपणारा फोटोडायोड चिकटवतात आणि त्याची तार वेगळ्या उपकरणाला जोडतात. लाइपझिगचा हातोडा आता चिकटपट्टीने लावला जातो, एवढेच.