लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र आणि आपली अनुमोदना



पर्युषण संपले की आपल्याकडे चोपड्यात तपस्वींचे पारणे होते. अठाई करणाऱ्यांचे बहुमान होतात, स्वामीवात्सल्याचा लाभ घेणाऱ्या परिवाराचे नाव पुकारले जाते. ते व्हायलाच हवे. पण माझ्या सासूबाईंनी कितीतरी वर्षे पहाटे उठून तपस्वींसाठी मुगाचे पाणी आणि राब केली. त्यांचे नाव कधी कोणी घेतले नाही. त्या गेल्यावर मला ते आठवले, आणि जिवंतपणी मीही त्यांना कधी काही बोलले नाही, हेही आठवले. तेव्हापासून मला एका बाईची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. ती आपल्याच समाजातली, पण आपल्या पाठशाळेत तिचे नाव क्वचितच निघते.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याला ठाऊक आहेत. जन्म 1887 सालचा, कुंभोजचा, घर दिगंबर जैन. कोल्हापूरला शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, अंघोळ केल्याशिवाय जेवणघरात यायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले नाही आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. आज आपण त्यांना अभिमानाने 'आपले' म्हणतो. म्हणताना हेही लक्षात ठेवलेले बरे.

1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

पण त्या पंगतीमागची चूल कोणाची? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. सुखवस्तू पाटील घरातली ही लेक, सोवळेओवळे मानण्याच्या संस्कारात वाढलेली. त्यांच्यासाठी सगळ्या जातींच्या मुलांना आपल्या घरात घेणे सोपे नव्हते. आपण स्वयंपाकघराची मर्यादा किती जपतो, ते आपल्यालाच माहीत. तरी त्या बदलल्या. मुलांचे दुखणेखुपणे त्यांनी काढले. पैसे संपले तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव गावाला गेलेले आणि कोठीत धान्य नाही, मुले उपाशी राहणार. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणवले. सणाला नथ सापडली नाही तर आपला जीव किती खालीवर होतो! 1930 मध्ये त्या गेल्या. संस्था पुढे केवढी वाढली, ते त्यांनी पाहिले नाही.

मग उपकार फेडले कोणी? गावोगावच्या बायकांनी. भाऊरावांनी मुष्टिफंड सुरू केला होता. रोज दळणाच्या किंवा स्वयंपाकाच्या धान्यातून एक मूठ वसतिगृहासाठी बाजूला काढायची. ज्या घरात द्यायला रुपया नव्हता, त्या घरातही मूठभर ज्वारी होती. म्हणजे देणगीदारांच्या यादीत ज्यांचे नाव कधी आले नसते, त्याही दात्या झाल्या. संस्थेने लक्ष्मीबाईंच्या नावाने गरजू विद्यार्थ्यांसाठी शिक्षणोत्तेजक पतपेढी काढली. आज तिथली माणसे त्यांना 'रयत माउली' म्हणतात. आभाराचे चार शब्द बोलून ते थांबले नाहीत, पुढच्या मुलाच्या शिक्षणाची सोय केली. कृतज्ञता अशी पुढे चालत राहिली तरच ती समाजाची होते.

आपल्या धर्माने हे फार आधी सांगितले आहे. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे, असे तीन मार्ग. बलभद्र मुनींची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मुनी आहार घेत होते, रथकार वहोरवत होता आणि हरीण नुसते भरल्या डोळ्यांनी पाहत होते. फांदी तिघांवर कोसळली आणि तिघेही एकाच देवलोकात गेले. हरणाकडे द्यायला काहीच नव्हते, पण त्याने चांगले घडताना पाहिले आणि मनापासून भले मानले. आपण मात्र बऱ्याचदा पाहतच नाही. जेवून, हात धुऊन घरी येतो.

म्हणून यंदा आमच्या गल्लीतल्या आम्ही काही जणींनी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पारण्याच्या दिवशी वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि पाणी गाळणाऱ्या प्रत्येकीचे नाव घेऊन अनुमोदना करायची. कामाला येणाऱ्या मावशींचेसुद्धा. आणि पिठाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा ठेवायचा. रोज एक मूठ त्यात टाकायची आणि महिनाअखेरीस ते धान्य शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी पोचवायचे.

माझ्या डब्यात पहिली मूठ सासूबाईंच्या नावाची पडली. संवत्सरीला आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, त्यांनाही यंदा म्हणूया.