बास्केटबॉलच्या शिक्षिकेचे नृत्याध्ययन

शिक्षकाने सेवेत असताना पदव्युत्तर अभ्यासास जावे, यामागे आपल्याकडे बहुधा वेतनश्रेणीचा विचार असतो. त्यात गैर काही नाही. संसार सर्वांनाच असतो. परंतु वरिष्ठांनी हाती दिलेला एक नकोसा प्रश्न घेऊन अभ्यासास गेलेल्या एका शिक्षिकेमुळे अमेरिकेतील विद्यापीठांत नृत्याला स्थान मिळाले, ही कथा आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या परिचयाची असेल.

मार्गारेट ह'डोब्लर हे तिचे नाव. जन्म 1889 चा. विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून 1910 साली ती तेथेच स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागात रुजू झाली. बास्केटबॉल हा तिचा जीव की प्राण. नर्तकी ती नव्हतीच. 1916 मध्ये ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात पुढील अभ्यासासाठी निघाली, तेव्हा विभागप्रमुख ब्लँच ट्रिलिंग यांनी तिच्यावर एक कामगिरी सोपविली : महाविद्यालयीन विद्यार्थिनीने वेळ द्यावा, अशा योग्यतेचे नृत्य शोधून आण. मार्गारेटबाईंना ही आज्ञा मुळीच रुचली नाही.

कोलंबियात त्या वेळी जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवीत होते आणि अनुभवातून शिक्षण हा त्यांचा विचार तेथील वातावरणात भिनला होता. दिवसा असा विचार ऐकावा आणि मग शहरातील नृत्यशाळांत जाऊन पाहावे, तर तेथे शिक्षकाच्या पावलाची हुबेहूब नक्कल करण्यापलीकडे काही नाही! बाईंची निराशा झाली. अखेर ॲलिस बेंटली नावाच्या संगीतशिक्षिकेच्या वर्गात त्यांना वाट सापडली. बेंटलीबाई विद्यार्थ्यांना प्रथम जमिनीवर झोपवून हालचाली करायला लावीत. पाहणाऱ्याला हसू यावे असा हा प्रकार. पण जीवशास्त्र शिकलेल्या शिक्षिकेला त्यातील मर्म उमगले. उभ्या माणसाचे स्नायू तोल सांभाळण्यात गुंतलेले असतात. आडवे झाल्यावर तो भार उतरतो आणि कोणता सांधा कोठवर वळतो, हे ज्याचे त्याला कळू लागते.

1917 च्या उन्हाळ्यात त्यांनी विस्कॉन्सिनला नृत्याचा पहिला वर्ग घेतला. वर्गात मानवी सांगाडा असे. बाई स्वतः नाचून दाखवीत नसत, कारण दाखविले की विद्यार्थिनी अनुकरण करणार. आम्हां वर्गात व व्यासपीठावर बोलणाऱ्या मंडळींना हा संयम किती कठीण, हे सांगायला नको.

1926 साली विद्यापीठाने नृत्य या विषयाच्या पदवी-अभ्यासक्रमाला मान्यता दिली. अमेरिकेतील असा तो पहिलाच. या यशाचे श्रेय देताना ट्रिलिंगबाईंचे नाव मागे पडते, हे मला खटकते. आपल्या हाताखालील शिक्षिकेला अभ्यासाला जाऊ देणारे वरिष्ठ असतात. जाताना तिच्या हाती नेमका प्रश्न देणारे विरळा.

मार्गारेटबाई 1954 पर्यंत शिकवीत राहिल्या. पुढे प्रख्यात झालेल्या नर्तकी ॲना हॅल्प्रिन या त्यांच्याच विद्यार्थिनी. रंगमंचासाठी नर्तकी घडविणे हा मात्र बाईंचा हेतू कधीच नव्हता. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्या अनेकजणी शिक्षिका झाल्या आणि अन्य महाविद्यालयांत नृत्य शिकवू लागल्या.