काशी किती जुनी?

काशीयात्रेचें वर्णन ऐकविण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों नाहीं. तशीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत, आणि आपल्यांपैकीं कित्येकांनीं गंगाजळाचा गडू स्वतःच घरीं आणलेला असेल. मला आज एका प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे. तो प्रश्न माझा नव्हे. आमच्या यात्रेंतील एका वृद्ध बाईंचा आहे.

आम्ही दहाबारा मंडळी विश्वनाथाचें दर्शन घेऊन बाहेर पडलों होतों. बरोबरचा वाटाड्या जें जें देऊळ दाखवी, तें तें ‘हजारों वर्षांचें’ म्हणून सांगे. मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. सवयीनें माझ्या तोंडून निघून गेलें कीं, विश्वनाथाचें हें देऊळ अहल्याबाई होळकरांनीं इ. स. १७८० च्या सुमारास बांधविलें. अन्नपूर्णेचें देऊळ पेशव्यांच्या वेळचें. दुर्गाकुंडावरील देऊळ बंगालमधील नाटोरच्या राणी भवानी यांनीं अठराव्या शतकांत उभारलेलें. बाई तेथेंच एका पायरीवर बसल्या. दुखऱ्या गुडघ्यांनीं त्या चार दिवस आमच्याबरोबर चालत होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, अडीचशें वर्षें म्हणजे आमच्या गांवच्या मारुतीएवढींच कीं! मग एवढ्या लांब आम्ही कशाला आलों?”

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगितल्याचा पश्चात्ताप झाला नाहीं. परंतु अर्धेंच खरें सांगितलें, याची टोंचणी मात्र लागून राहिली.

प्रथम बाईंची शंका किती साधार आहे, तें पाहूं. गंगेच्या काठीं नावेंत बसून पाहिलें म्हणजे घाटांची जी प्रचंड ओळ दिसते, ती पाहून मन थक्क होतें. पण तिच्यांतील दगडी बांधकाम बव्हंशीं अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहे. आणि त्यांत मराठी माणसाचा हात पदोपदीं दिसतो. दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांच्या काळीं बांधला गेला. मणिकर्णिकेचें काम अहल्याबाईंनीं केलें. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा घाट आहे. हा शिंदे घाट तर इतका भारी झाला कीं, स्वतःच्याच भारानें खचला. ज्ञानवापीच्या विहिरीवरील खांबांचा मंडप दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनीं १८२८ मध्यें बांधविला. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी १८२० ते १८३० पर्यंत काशीच्या टांकसाळींत होता. त्यानें १८२२ मध्यें शहराचा नकाशा तयार केला आणि घाटांचीं सुंदर चित्रें काढलीं. आज ज्या दृश्याला आपण पुरातन म्हणतों, त्यांतील कित्येक भाग प्रिन्सेपच्या डोळ्यांदेखत बांधला जात होता.

याचें कारण उघड आहे. इ. स. ११९४ मध्यें राजा जयचंद्राचा पराभव झाल्यावर कुतुबुद्दीन ऐबकाच्या फौजेनें शहरांतील देवळें पाडलीं. पुढें कांहीं उभीं राहिलीं, कांहीं पुन्हां पडलीं. १६६९ मध्यें औरंगजेबाच्या हुकुमानें विश्वनाथाचें देऊळ पाडलें गेलें. पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाचें भव्य मंदिर १६६५ मध्यें तव्हर्निये या फ्रेंच प्रवाशानें पाहून त्याचें वर्णन लिहून ठेवलें आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेंही नाहींसें झालें आणि त्या जागीं मशीद उभी राहिली. अखंड उभें राहिलेलें जुनें देऊळ पाहावयाचें तर शहराबाहेर कंदवा येथें कर्दमेश्वराकडे जावें लागतें. तें गाहडवाल राजांच्या काळचें, म्हणजे सुमारें बाराव्या शतकांतील, समजलें जातें.

मग काशीचें प्राचीनत्व तें काय? शहराच्या उत्तरेस, वरणा नदी गंगेला मिळते त्या बाजूस, राजघाट नांवाचें उंच पठार आहे. १९४० च्या सुमारास तेथें रेल्वेच्या कामासाठीं खोदाई झाली आणि जुनी वस्ती उघडी पडली. पुढें १९५७ पासून काशी हिंदु विश्वविद्यालयानें तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. वस्तीचा सर्वांत खालचा थर इसवी सनापूर्वी सुमारें आठव्या शतकापर्यंत जातो. गौतम बुद्धानें पहिला उपदेश केला तो जवळच सारनाथ येथें. म्हणजे त्या काळीं काशी हें नांवाजलेलें नगर होतें. राजघाटाच्या मातींत गुप्तकालीन मातीच्या मुद्रा सांपडल्या, आणि त्यांवर देवाचें नांव आहे ‘अविमुक्तेश्वर’. विश्वनाथ नव्हे!

येथें आणखी एक आश्चर्य आहे. बाराव्या शतकांत गोविंदचंद्र गाहडवालाचा मंत्री लक्ष्मीधर यानें ‘कृत्यकल्पतरु’ नांवाचा मोठा धर्मग्रंथ रचला. त्यांतील तीर्थांविषयींच्या कांडांत काशीच्या शेंकडों लिंगांचा उल्लेख आहे. पण मुख्य मान आहे तो अविमुक्तेश्वराला. पुढें स्कंदपुराणांतील काशीखंडांत मात्र विश्वेश्वर हा नगराचा अधिपति झालेला दिसतो. दगड बदलले एवढेंच नव्हे, तर मुख्य देवाचें नांवही बदललें. बाईंनीं हें ऐकलें असतें, तर त्या पायरीवरून उठल्याच नसत्या!

परंतु हाच प्रश्न त्यांच्या आधीं चारशें वर्षांपूर्वीं एका मोठ्या माणसापुढें उभा राहिला होता. हा माणूस म्हणजे नारायणभट्ट. यांचें घराणें मूळचें पैठणचें. नारायणभट्टांचा जन्म १५१३ चा. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले आणि पुढें हें घराणें त्या नगरींत धर्मशास्त्राचें पीठच होऊन बसलें. ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट हे यांचे नातू. आणि नाथांनीं आपलें भागवत १५७३ मध्यें काशींतच पुरें केलें, तेव्हां हे पैठणचे नारायणभट्ट साठ वर्षांचे होते.

प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांविषयीं त्यांनीं ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. विश्वेश्वराचें लिंग मोडलेलें, हलविलेलें, पुन्हां बसविलेलें, अशी त्या काळची स्थिति होती. यात्रेकरूनें करावें काय? नारायणभट्टांनीं निर्णय दिला कीं, काळाच्या ओघांत जुनें लिंग जाऊन त्या जागीं दुसरें बसविलें असलें, तरी पूजा त्याचीच करावी. आणि राजाच्या जुलुमामुळें तेथें कोणतेंच लिंग नसेल, तरीही प्रदक्षिणा आणि नमस्कार हे त्या स्थळाला घडले पाहिजेत. महामहोपाध्याय काणे यांनीं आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या १९५३ मध्यें निघालेल्या चौथ्या खंडांत या निर्णयाकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें आहे.

एवढें लिहून नारायणभट्ट स्वस्थ बसले नाहींत, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. १५८५ च्या सुमारास, अकबराचा दिवाण राजा तोडरमल याच्या साहाय्यानें, त्यांनीं विश्वेश्वराचें मोठें देऊळ उभें केलें. तें देऊळ चौऱ्यायशीं वर्षें टिकलें. १६६९ मध्यें तें पडलें. निर्णय मात्र उरला, आणि त्यानंतरच्या शतकभरांत त्याचीच खरी गरज लागली. अहल्याबाईंचें देऊळ होईपर्यंत एकशें दहा वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत काशीची यात्रा कांहीं थांबली नाहीं. आणि देऊळ पडल्यानंतर पांचच वर्षांनीं, १६७४ मध्यें, रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक करण्यासाठीं काशीहून जे गागाभट्ट आले, ते याच नारायणभट्टांचे पणतू होत.

स्थळाची स्मृति किती चिवट असते पाहा. पंचगंगेवरच्या मशिदीला जे उंच मनोरे होते, त्यांना लोक ‘माधवरायाचा धरहरा’ म्हणत. देऊळ गेलें, पण देवाचें नांव मनोऱ्यांना चिकटून राहिलें. आतां ते मनोरेही राहिले नाहींत. नांव अजून ऐकूं येतें. पंचक्रोशीची वाट तशीच. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे पांच मुक्काम, वाटेवर एकशें आठ देवस्थानें. माणसें चालतात म्हणून वाट राहते.

तथापि या निर्णयाचा विपरीत अर्थ कोणीं करूं नये. स्थळ पवित्र आहे, मग वरची वास्तु गेली तरी चालेल, असें त्यांत म्हटलेलें नाहीं. २०२१ च्या डिसेंबरांत विश्वनाथाभोंवतींचा नवा प्रशस्त मार्ग खुला झाला. त्यासाठीं कित्येक जुन्या गल्ल्या आणि घरें काढावीं लागलीं. घरांच्या भिंतींआड दडलेलीं लहान देवळें त्या वेळीं उजेडांत आलीं. वृद्धांना आतां सुखानें दर्शन होतें, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. पण त्या गल्ल्यांतून ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांचें हळहळणेंही खोटें नव्हे. ज्यानें लिंगावांचून नमस्कार करावयास सांगितलें, त्यानेंच पुढें पैसा आणि परवानगी मिळवून देऊळ बांधलें. आपणही दोन्ही गोष्टी संभाळल्या पाहिजेत.

त्या दिवशीं संध्याकाळीं घाटावर मीं बाईंना नारायणभट्टांची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्या पैठणच्या माणसानेंच हें सांगून ठेविलें आहे तर. मग उद्यां मला तें खरेंच जुनें देऊळ दाखवा.” दुसऱ्या दिवशीं आम्ही कंदव्यास गेलों. कर्दमेश्वरापाशीं गर्दी नव्हती. बाईंनीं भिंतीच्या दगडावर तळहात ठेवला, सावकाश प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, “गुरुजी, तिकडचेंही जुनेंच. फक्त दगड नवा.”

श्रोतेहो, आपण काशीस जाल, तेव्हां प्रत्येक देवळाचें साल अवश्य विचारा. खरें साल कळल्यानें नमस्कार उणा होत नाहीं.