‘उचल्या’ आणि जन्मजात चोरीची कल्पना

मराठीत ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आहे आणि लबाड माणसासाठी वापरले जाणारे दूषणही. नाव आणि दूषण असे एकरूप होण्यामागे भाषेइतकाच कायद्याचाही इतिहास आहे.

1860 च्या भारतीय दंड संहितेने मालमत्तेविरुद्धचे गुन्हे कृतीवरून वेगळे केले. संमतीवाचून दुसऱ्याची वस्तू लबाडीने नेणे ही चोरी. धाक घालून ती द्यावयास लावणे ही खंडणी. चोरीला बळाची जोड मिळाली की जबरी चोरी. आणि ती पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा. येथे आधी कृत्य सिद्ध व्हावे लागे, मग कर्ता गुन्हेगार ठरे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हा क्रम उलटविला. त्याने संपूर्ण जमातींची नोंदणी, पोलिसांकडील हजेरी आणि परवान्याविना प्रवासबंदी आणली. 1911 मध्ये त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली.

आजच्या भिलाईचा परिसर तेव्हा मध्य प्रांताच्या दुर्ग जिल्ह्यात होता. या प्रांतातील जातिजमातींवरील रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्धा, नागपूर, चांदा जिल्ह्यांतील भामट्यांना मुंबईकडे ‘उचल्या’ म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. मात्र चोरीच्या रीती सांगणाऱ्या या वर्णनात त्यांच्या दारिद्र्याची मीमांसा नाही.

ती उणीव त्याच जमातीतील लेखकाने भरून काढली. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन 1987 मध्ये आले आणि 1988 च्या साहित्य अकादेमी पुरस्काराचे मानकरी ठरले. खिसा कापणे, बाजारात गाठोडे उचलणे या कृत्यांवर लेखक पांघरूण घालीत नाही. पोरांना मार सहन करण्याची सवय कशी लावली जाई, हेही तो सांगतो. पण जमीन नाही, शिक्का बसलेल्याला काम कोणी देत नाही, पोलिसांना हप्ता द्यावाच लागतो आणि चोरीचा माल स्वस्तात घेणारे प्रतिष्ठित असतात, ही साखळीही तो उघड करतो. तो शाळेत जाऊ लागला, म्हणून वस्तीतील मुले आजारी पडली, असे जमातीलाच वाटले. शिक्का बाहेरून बसतो आणि हळूहळू आत मुरतो, हे या प्रसंगाइतके क्वचितच कोठे स्पष्ट झाले असेल.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि ‘विमुक्त’ ही संज्ञा रूढ झाली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत, माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांतील जातिनिहाय भेदभाव घटनाबाह्य ठरविला. विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानण्याची रीतही त्या निकालात निषिद्ध ठरली. कायद्याने कृत्य आणि जन्म यांची फारकत पुन्हा केली. आपल्या भाषेने ती अद्याप केलेली नाही.