पॉइंट इझाबेल : श्वानांचे मोकळे रान

शहरात पाळलेल्या कुत्र्याचे आयुष्य बहुतांशी त्याच्या साखळीच्या लांबीएवढेच असते. सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या कडेने एक फेरी आणि उरलेला दिवस चार भिंतींच्या आत. मनसोक्त धावणे, इतर कुत्र्यांना हुंगणे, पाण्यात डुंबणे या त्याच्या स्वाभाविक गरजा शहरी व्यवस्थेत बसत नाहीत. यातूनच अमेरिकेत ‘डॉग पार्क’ची कल्पना रुजली. या कल्पनेचा विस्तार पाहायचा असेल, तर कॅलिफोर्नियातील पॉइंट इझाबेल या ठिकाणाकडे वळावे लागेल.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, रिचमंड शहराच्या हद्दीत वसलेले हे उद्यान अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सार्वजनिक श्वान उद्यानांपैकी एक गणले जाते. या परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांकडे घरच्या कुत्र्याला फिरवण्याचे काम आपसूक येते. अशांना या उद्यानाची आणि तेथील रीतीभातींची माहिती उपयोगी ठरावी.

बर्कलेपासून सुरुवात

अमेरिकेतील पहिले श्वान उद्यान म्हणून सामान्यतः ज्याचा उल्लेख होतो, ते ओलोनी डॉग पार्क येथून जवळच, बर्कले शहरात आहे. ‘बार्ट’ या उपनगरी रेल्वेचा मार्ग बर्कलेत जमिनीखालून नेण्यात आला. त्यावरच्या मोकळ्या पट्ट्यात पुढे ओलोनी पार्क उभे राहिले. या परिसराच्या मूळ रहिवासी जमातीचे नाव त्याला मिळाले. १९७९मध्ये या बागेचा एक कोपरा कुंपण घालून कुत्र्यांसाठी राखण्यात आला. प्रयोग म्हणून सुरू झालेली ही जागा टिकली आणि तिचे अनुकरण देशभर झाले.

ओलोनी लहान आणि कुंपणबंद, तर पॉइंट इझाबेल विस्तीर्ण आणि खुले. मूळ उद्यानच सुमारे २३ एकरांचे. खाडीवरचा छोटा पूल ओलांडला, की नॉर्थ पॉइंट इझाबेलचा गवताळ भाग लागतो. १९३४मध्ये स्थापन झालेला ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट या जागेची व्यवस्था पाहतो. ‘पॉइंट इझाबेल डॉग ओनर्स अँड फ्रेंड्स’ ही श्वानपालकांची संघटना स्वच्छतेच्या कामात हातभार लावते. प्रवेशशुल्क नाही. समोर गोल्डन गेट पूल, माउंट टॅमलपाइस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उंच इमारती दिसतात. उन्हाळ्यात दुपारनंतर उपसागरावरून गार वारा सुटतो. तेव्हा जूनमध्येही स्वेटर जवळ असलेला बरा.

कसे जावे?

सेंट्रल ॲव्हेन्यू हा रस्ता महामार्गांखालून पश्चिमेकडे थेट किनाऱ्याजवळ येतो. उद्यानाला वाहनतळ आहे. बार्टचे सर्वांत सोयीचे स्थानक एल सेरिटो प्लाझा. तेथून सुमारे अडीच किलोमीटर चालावे लागते. मात्र बार्टमध्ये पाळीव प्राणी त्यांच्यासाठी बनवलेल्या बंद पेटीतूनच नेता येतो. त्यामुळे मोठ्या कुत्र्यासह जायचे, तर मोटारीला पर्याय नाही.

नियम आणि त्यामागचे कारण

येथे कुत्र्याला मोकळे सोडता येते. पण तो ताब्यात असला पाहिजे, ही अट आहे. ‘ताब्यात’ याचा अर्थ हाक मारताच त्याने परत यावे. साखळी मालकाच्या हातात असलीच पाहिजे. विष्ठा उचलून कचरापेटीत टाकणे बंधनकारक आहे. आक्रमक कुत्र्यांना मज्जाव आहे. एका व्यक्तीने तीनपेक्षा अधिक कुत्रे आणल्यास परवाना लागतो आणि परवाना असला, तरी ही संख्या सहापलीकडे जाऊ शकत नाही.

उद्यानाला कुंपण नसल्याने हे नियम महत्त्वाचे ठरतात. हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या कुत्र्याला येथे सोडणे म्हणजे त्याला मोटारींच्या किंवा भरतीच्या पाण्याच्या हवाली करणे. ज्याचे शिक्षण अपुरे आहे, त्याच्यासाठी ओलोनीसारखी कुंपणबंद जागाच योग्य.

दुसरे कारण शेजारच्या खाजणात दडले आहे. हॉफमन मार्श ही खाऱ्या पाण्याची दलदल उद्यानाला लागूनच आहे. कुत्र्यांना तेथे प्रवेश नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या खाजणांत पाणकोंबडीच्या कुळातील रिजवेज रेल हा पक्षी राहतो. त्याची येथील उपजाती १९७०पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. हा पक्षी जमिनीलगत घरटे करतो, त्यामुळे दलदलीत शिरलेला एक कुत्रा त्याची वीण उधळू शकतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे किनारपक्षी ओहोटीच्या चिखलात अन्न शोधतात. दरवेळी उडावे लागले, तर पुढच्या प्रवासासाठी साठवायची शक्ती खर्ची पडते. कुत्र्याच्या दृष्टीने तो घटकाभराचा खेळ असतो. पक्ष्याच्या दृष्टीने नव्हे.

आरोग्याची काळजी

कॅलिफोर्नियात तीन महिन्यांवरील कुत्र्यांना रेबीजची लस देणे कायद्याने आवश्यक आहे आणि कुत्र्याचा परवानाही घ्यावा लागतो. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांच्या लसींबाबत पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. लसींचा पहिला क्रम पुरा होईपर्यंत पिल्लांना श्वान उद्यानात नेऊ नये, कारण पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात. माजावर आलेली कुत्री आणणेही टाळावे.

या भागातला खास धोका म्हणजे ‘फॉक्सटेल’ गवताची कुसळे. वसंत ऋतू सरता सरता हे गवत वाळते. त्याच्या कुसळांना उलटे काटे असतात. ती कान, नाक व बोटांच्या बेचक्यांत शिरली, की पुढेच सरकतात. कुत्रा अचानक सारखा शिंकू लागला, डोके झटकू लागला किंवा पंजा चाटत बसला, तर कुसळाचा संशय घ्यावा आणि पशुवैद्य गाठावा. फेरीनंतर पंजे व कान तपासण्याची सवय उत्तम. खारे पाणी फार प्यायल्यास कुत्र्याला उलट्या व जुलाब होतात. म्हणून गोडे पाणी सोबत न्यावे.

जवळच्या पायवाटा

उद्यानातून सॅन फ्रान्सिस्को बे ट्रेल जाते. उपसागराभोवती सुमारे ८०० किलोमीटरचे वर्तुळ पुरे करण्याची ही योजना असून, त्यातील ५६० किलोमीटरहून अधिक मार्ग तयार आहे. उत्तरेकडे ही वाट रिचमंडच्या मरीना बे भागात पोहोचते. तेथे दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणी करणाऱ्या स्त्री कामगारांचे स्मारक आहे. रिचमंडच्या कारखान्यांनी त्या काळात ७४७ जहाजे बांधली. दक्षिणेकडची वाट ऑल्बनीच्या किनाऱ्याकडे नेते. बर्कलेतील उद्यानाला भेट देणाऱ्यांसाठी ओलोनी ग्रीनवे ही सपाट वाट आहे. ती बार्टच्या मार्गालगत ऑल्बनी व एल सेरिटोतून जाते. ज्येष्ठांना ती विशेष सोयीची. उद्यानाची हद्द संपली, की कुत्र्याला साखळी घालावी. सायकलस्वारांची ये-जा असल्याने उजव्या बाजूने चालावे.

नवख्यांसाठी

अनोळखी कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये. लहान मुलांना धावू वा ओरडू देऊ नये. पळणारे मूल कुत्र्याला पाठलागाचे आमंत्रण वाटते. खाऊ आणि आवडती खेळणी शक्यतो घरीच ठेवावीत, कारण भांडणे बहुधा त्यांवरून होतात. पुढचे पाय टेकवून मागचा भाग उंचावणारा कुत्रा खेळायला बोलावत असतो. अंग ताठ करून एकटक पाहणारा मात्र इशारा देत असतो. अशा वेळी आपल्या कुत्र्याला हाक मारून दूर न्यावे. भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये.

श्वान उद्यान ही कुत्र्याला दिलेली मोकळीक असली, तरी तिचा भार मालकाच्या शिस्तीवर असतो. न उचललेली विष्ठा, न ऐकलेली हाक आणि खाजणात सोडलेला कुत्रा यांमुळे अशा जागांविरुद्ध तक्रारी वाढतात व सवलती आक्रसतात. किनाऱ्यावर कुत्रा निर्धास्त धावू शकतो, तो मालकाचे लक्ष त्याच्यावर असते म्हणूनच.