शहरी दुर्बल ग्राहक आणि बँकसेवा

शहरांतील स्थलांतरित मजूर, घरकामगार, फेरीवाले, वृद्ध, अपंग व तृतीयपंथी व्यक्ती यांना बँकेच्या सेवा इतर ग्राहकांच्या बरोबरीने न मिळणे, यास बँकसेवांतील विषमता म्हणतात. खेड्यात शाखेचे अंतर ही मुख्य अडचण असते; शहरात शाखा हाकेच्या अंतरावर असूनही कागदपत्रे, वेळ, भाषा आणि किमान शिल्लक यांमुळे ती दुरावते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहर व त्यालगतचा पूर्णा, काल्हेर, राहनाळ हा गोदामपट्टा यांत ही विषमता ठळकपणे दिसते. (हे पूर्णा परभणी जिल्ह्यातील त्याच नावाच्या शहराहून भिन्न आहे.)

भिवंडी-पूर्णा परिसर

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. येथील यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते आणि दीर्घकाळ ती रोखीनेच दिली जात आली. पूर्णा परिसरातील गोदामांत माल चढवणारे व उतरवणारे हमाल बहुधा ठेकेदारामार्फत काम करतात. अशा वस्तीत शिल्लक पैसा मालकाकडे, ओळखीच्या दुकानदाराकडे किंवा भिशीत ठेवला जातो. भिशी पत्ता विचारत नाही. पण ती बुडाली तर दादही मागता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्यावर मजुरीसाठी रोकड न उरल्याने येथील अनेक माग बंद पडले आणि कामगार गावी परतले.

भिवंडीत मुस्लिम लोकसंख्या मोठी आहे. काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवून तेथे कर्ज व अन्य सुविधा सहजी देत नाहीत, असे निरीक्षण सच्चर समितीने २००६ च्या अहवालात देशपातळीवर नोंदविले होते.

पत्त्याची अडचण

खाते उघडताना ओळखीसोबत पत्त्याचा पुरावा लागतो. माग किंवा गोदामाच्या आवारात, अथवा पाळीपाळीने वापरल्या जाणाऱ्या खोलीत राहणाऱ्या मजुराकडे भाडेकरार वा वीजबिल नसते. त्याच्या कागदांवर पत्ता गावचा असतो. मजूर राहतो तेथे त्याचा कागद नाही आणि कागद आहे तेथे तो राहत नाही, असा हा पेच आहे. २०१९ च्या अखेरीस नियमांत बदल होऊन, आधारवरील पत्ता वेगळा असल्यास सध्याचा पत्ता स्वतःच्या घोषणेने देण्याची मुभा मिळाली.

अधिकृत कागदपत्रे नसणाऱ्यांसाठी ‘लहान खाते’ ही सोय आहे. बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून, छायाचित्र देऊन ते उघडता येते. मात्र त्यात वर्षभरात एकूण १ लाख रुपयेच जमा करता येतात, शिल्लक ५०,००० रुपयांहून अधिक ठेवता येत नाही आणि महिन्याला १०,००० रुपयांहून अधिक काढता येत नाहीत. वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला सुमारे ८,३३३ रुपये. नियमित मजुरी मिळवणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो; त्यामुळे ही सोय त्याला अपुरी पडते.

किमान शिल्लक व इतर अडथळे

रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये किमान शिल्लक शून्य किंवा अत्यल्प असलेली खाती सुचविली. २०१२ मध्ये त्यांना ‘मूलभूत बचत ठेव खाते’ हे रूप मिळाले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली. खाती वाढली, पण खाते असणे आणि ते वापरता येणे यांत फरक राहिला. भारतीय स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये महानगरांतील सामान्य बचत खात्यांसाठी ५,००० रुपयांची सरासरी शिल्लक ठरविली, ती पुढे घटविली आणि मार्च २०२० मध्ये अटच काढून टाकली. कष्टाच्या कामाने झिजलेले बोटांचे ठसे यंत्राने न ओळखणे, ही अडचण आधारवर आधारित व्यवहारांत वारंवार येते.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी अर्जांत स्वतंत्र रकाना ठेवण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये केली. सत्तरीपुढील ज्येष्ठ व अपंग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याची सूचना २०१७ मधील आहे.

मुंबईतील पूर्वानुभव

गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया सावकार व वाणी यांच्या कर्जात अडकल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारणाऐवजी गटाची परस्पर हमी, ही पद्धत महाराष्ट्रात बचतगटांच्या प्रसारापूर्वीच येथे वापरली गेली.

तक्रारनिवारण

१२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना लागू आहे. तक्रारीस शुल्क नाही. मात्र ग्राहकाने आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस उत्तराची वाट पाहावी लागते.