जन्मजात हृदयरोगाची शस्त्रक्रिया आणि खानदेश

हृदयाच्या पडद्याला छिद्र, अरुंद झडप किंवा जन्मानंतरही उघडी राहिलेली रक्तवाहिनी हे जन्मजात हृदयरोगाचे नेहमीचे प्रकार. अशी उघडी वाहिनी 1938 मध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी बोस्टनमध्ये बांधली. ओठ-नखे निळी पडणाऱ्या बालकांसाठीची शस्त्रक्रिया 1944 मध्ये बाल्टिमोरला झाली. तिच्यामागे हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक आणि विवियन थॉमस होते. 1953 मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने पडद्यातील छिद्र बंद केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदय-शस्त्रक्रियेचा पाया घातला. 1968 मध्ये त्यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले.

खानदेशातील धुळे-जळगावच्या पालकांपुढे मात्र मुंबईचे अंतर आणि खर्च हे दोन अडसर होते. 1997 च्या जीवनदायी योजनेने गरिबांना हृदय-शस्त्रक्रियेसाठी मदत सुरू केली. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे होता. पुढे ती राज्यभर लागू झाली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत बालके तपासतात.

शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासणी आणि दातांची स्वच्छता आवश्यक असते, कारण दातांतील जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात.